लेहचं दुसरं विमान

सोमवार, २० जानेवारी

ड्यूटी संपून पाच तास झाले, तरी कानात फोन वाजतोय.

आमचं बेंगळुरूहून लेहला जाणारं दुसरं विमान सकाळी आठ बावन्नला हिमालयावर हवेच्या धक्क्यांत सापडलं. बत्तीस हजार फुटांवर. लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही. आधी वर फेकलं, मग खाली, मग कुशीवर. सगळं मिळून अर्धं मिनिट. कॅप्टनने लेहचा नाद सोडून दिल्लीला वळवलं. नऊ प्रवाशांना मार, एकाचे दोन दात गेले. आणि मागच्या बाजूची एक एअर होस्टेस छताला आपटून ट्रॉलीच्या कडेवर पडली. पाठीचा मणका मोडला. शाल्मली कुराडे, वय चोवीस. बेंगळुरूहूनच चढली होती.

वारा डोंगरांना आडवा धडकला की पलीकडे हवेच्या लाटा उठतात, ओढ्यात दगडावरून पाणी उसळतं तशा. रडारला त्या दिसत नाहीत. त्यातून आधी गेलेल्या विमानाने सांगितलं, तरच मागच्याला कळतं.

त्या विमानाचा डिस्पॅचर मी होतो. बेंगळुरूला, देवनहळ्ळी विमानतळावरच्या कंट्रोल रूममध्ये बसून त्यांचा रस्ता, उंची, हवामान ठरवून देणारा. आधी गेलेल्या विमानाचं उद्या लिहीन. आज हात धजत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

लिहूनच टाकतो. इथं तरी!

पहिलं विमान दिल्लीहून लेहला गेलं, दुसऱ्याच्या तासभर पुढे. तेच डोंगर, तीच उंची. कॅप्टन अभिजीत, पुण्याचे. आठ वाजून पाच मिनिटांनी लेहहून त्यांचा फोन आला. आवाज सुकलेला. ‘गुंडो, सिव्हिअर होतं. दीड मिनिट विमान माझ्या हातात नव्हतं रे.’

सिव्हिअर, म्हणजे अतितीव्र धक्के, हा शब्द आमच्यात फार जपून वापरतात. तो कागदावर आला की विमान जिथं असेल तिथंच उभं. इंजिनिअरने शेंड्यापासून शेपटीपर्यंत तपासल्याशिवाय हलायचं नाही. लेहला आमचा तसा इंजिनिअर नाही आणि विमान उभं करायला जागा एकच. पहिलं अडकलं की दुसऱ्याला उतरायला जागा नाही. दुपारी तिथं वारा सुटतो, म्हणजे दिवस गेला. साडेतीनशे माणसं दोन्हीकडे बोंबलत बसणार. म्हणून एक रीत पडली आहे. कोणी शिकवत नाही, नवा माणूस आठवड्यात आपोआप शिकतो. डिस्पॅचर फक्त विचारतो, ‘सर, कन्फर्म?’ कॅप्टन काय ते समजतो.

मी विचारलं. ‘सर, सिव्हिअर कन्फर्म ना? मग विमान तिथंच राहील.’

चार-पाच सेकंद फोनवर नुसता वाऱ्याचा आवाज. मग — ‘मॉडरेट लिही.’

लिहिलं. दुसऱ्या विमानाला तेच कळवलं. ते तेव्हा दिल्लीच्याही अलीकडे होतं, पाऊण तास हातात होता! सिव्हिअर कळवलं असतं तर उंची बदलली असती, नाहीतर परतच फिरवलं असतं. निदान डोंगर लागायच्या आधी झाडून सगळे पट्टे बांधून बसले असते. मॉडरेट म्हणजे काय — पट्ट्याचा दिवा लावा, चहा आवरता घ्या.

ती चहा आवरत होती.

बुधवार, २२ जानेवारी

कोणीही काही विचारलं नाही. सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड.

गुरुवार, २३ जानेवारी

वादिराजनी केबिनमध्ये बोलावलं. कंट्रोल रूमचे प्रमुख. वाटलं, आला फास! तर म्हणाले, शाल्मलीला आज दिल्लीहून इथं हेब्बाळच्या हॉस्पिटलात आणतायत. आईवडील उद्या गडहिंग्लजहून येतील. त्यांना ना कन्नड येत, ना इंग्रजी. ‘तू निपाणीचा. एकाच मुलखातले तुम्ही. थोडे दिवस त्यांच्याबरोबर राहा, शिफ्टचं मी बघतो.’

‘सरी सार,’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जगात मराठी बोलणारा दुसरा कोणी नव्हताच जणू!

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी बस स्टँडवर गेलो. पद्माकर कुराडे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. उंच, सरळसोट, हातात रेक्झिनची पिशवी. बायको त्यांच्या खांद्याखाली येते. माझं मराठी ऐकून बाईंनी माझा हातच धरला आणि हॉस्पिटलपर्यंत सोडला नाही. ‘देवानंच धाडलंय बगा तुमाला.’

रिक्षात माझी नजर सगळा वेळ मीटरवर.

ऑपरेशन दुपारी झालं. साडेपाच तास. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, मी मराठी करून सांगायचो. ‘पायात जाणीव कधी येईल ते आत्ता सांगता येत नाही.’ या वाक्यातलं ‘येईल की नाही’ मी गाळलं. तेही आता मीच गाळायचं!

रविवार, २६ जानेवारी

माझ्या बायकोने, कावेरीने, भाकरी-पिठल्याचा डबा दिला. मल्लेश्वरमहून हेब्बाळला डबा नेणं हे आता माझं काम. कावेरीला मी एवढंच सांगितलंय की कंपनीने पाठवलंय. ‘स्वल्प त्यांच्याजवळ बसत जा हो. माणसं घाबरलेली असतात,’ म्हणाली.

बसतो की. दुसरं काय करतो!

पद्माकर बोलत नाहीत फारसं. आज बोलले. पोरगी लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर आजऱ्याच्या गाडीवर जायची. चालत्या गाडीत कसं उभं राहायचं ते त्यांनी तिला शिकवलं. पाय फाकवून, गुडघे सैल, धरायचं नाही कशाला. कंपनीच्या मुलाखतीतही तिने हे सांगितलं म्हणे. ते लोक हसले आणि तिला घेतलं.

‘मी शिकिवलं न्हसतं तर ती भिऊन बसली असती,’ म्हणाले. ‘न्हाई का?’

मी बाटली भरून आणतो म्हणून उठलो. बाटली भरलेलीच होती.

मंगळवार, २८ जानेवारी

शाल्मली शुद्धीवर नीट आहे. छतच दिसतं तिला, मान वळवायची नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो तर तिला दिसेना. सरकून वर गेलो. बारीक तोंड, कपाळावर टाके. ‘सर’वरून एका दिवसात ‘दादा’वर आली.

तिने सगळं सांगितलं. दिवा लागला तेव्हा एक आजी टॉयलेटमध्ये होत्या. त्यांना बाहेर काढलं, बसवलं, पट्टा बांधला. मग ट्रॉलीला कुलूप घालायला मागे गेली. ‘बारा पावलं असतील दादा. मॉडरेट म्हणाले होते. मॉडरेटमध्ये मी हजारदा चाललेय.’

त्या आजी ठणठणीत आहेत. पट्टा होता ना.

मग मला विचारलं, ‘तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला?’ म्हटलं, ऑपरेशन्सला. खोटं नाही. पण मान वळवता येत नाही तिला म्हणून सुटलो, नाहीतर माझं तोंड तिने वाचलं असतं.

बुधवार, २९ जानेवारी

दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर पद्माकरांनी अचानक विचारलं.

‘तिच्या म्होरं एक विमान गेलं हुतं म्हणं. तिथनंच?’

‘हो.’

‘मग त्यानं सांगितलं न्हाई? आमच्यात घाटात दरड पडली, तर समोरनं येणारा डायव्हर लाइट मारतुया. वळखीचा असू दे न्हाईतर नसू दे. टँकरवाला असला तरी मारतुया. तुमच्यात एवढी मशिनं, आनि कुणी लाइट मारत न्हाई व्हय?’

मी म्हणालो, ‘मारला होता. कमी मारला.’ एवढं तोंडातून गेलं! त्यांनी वळून पाहिलं, पण तेवढ्यात नर्सने बोलावलं. परत तो विषय काढला नाही त्यांनी. विसरणाऱ्यातला माणूस मात्र नाही तो.

गुरुवार, ३० जानेवारी

पहिलं विमान नेहमीच्या तपासणीला आलं होतं. कुठंही काही नाही. चांगलं खणखणीत! सिव्हिअर लिहिलं असतं तर त्याचा फक्त एक दिवस गेला असता.

शनिवार, १ फेब्रुवारी

कॅप्टन अभिजीत भेटले. स्वतःच फोन करून बोलावलं, मल्लेश्वरमच्या कॉफीच्या दुकानात, उभ्याउभ्या. माणूस दहा दिवसांत वाळलाय. दाढी वाढलेली. मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या. तोंड बघून राहून गेलं.

‘मी सिव्हिअर म्हणालो होतो, गुंडो. पहिल्यांदा.’

‘हो सर.’

‘तू विचारलंस.’

‘आणि तुम्ही बदललंत.’

झालं. हिशेब तिथंच मिटला — म्हणजे मिटला नाहीच, निम्मा निम्मा वाटून घेतला. कपातली कॉफी तशीच. जाताना म्हणाले, ‘कंट्रोल रूमच्या फोनची टेप तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते. एकोणीस तारखेला जाईल. मला दोन लहान मुलं आहेत रे.’

त्यांचं पुढचं वाक्य मी ऐकून घेतलं नाही. पण रस्ताभर तारीख मोजत आलो. अठरा दिवस. असा कसा मी!

सोमवार, ३ फेब्रुवारी

कंपनीच्या चौकशी समितीच्या अहवालाचा कच्चा मसुदा वादिराजनी दाखवला. ‘पुढे गेलेल्या विमानाने मध्यम स्वरूपाचे धक्के कळवले होते. सूचनेनंतर सदर कर्मचारी चार मिनिटे उभी होती.’ सगळं खरं. एक शब्द खोटा नाही! वाचणारा म्हणेल, पोरगी बेफिकीर होती.

आता तिचा जबाब हवा आहे. ती मराठीत सांगेल, मी लिहून घ्यायचा, इंग्रजी मी करायचं, सही तिची. ‘तुझ्यावर तिचा विश्वास आहे,’ वादिराज म्हणाले.

आहेच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जबाब घेतला. लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी स्वतःशीच नाकबूल करीन.

ती सांगत होती, मी लिहीत होतो. आजीचं सांगितलं, ट्रॉलीचं सांगितलं. मग थांबून म्हणाली, ‘दादा, असं लिहा — दिवा लागल्यावर मी लगेच बसायला हवं होतं. माझी चूक झाली.’

म्हटलं, ‘असं कशाला लिहायचं?’

‘कारण तसंच आहे. नाहीतर कॅप्टनवर येईल. ते बिचारे चांगले आहेत.’ आपल्या विमानाच्या कॅप्टनची काळजी हिला! स्वतःचे पाय चादरीखाली ओंडक्यासारखे पडलेत, त्याचं काही नाही.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. ‘शाल्मली, तुला मॉडरेट सांगितलं ते मी.’ आठ शब्द सुद्धा नाहीत! पण पेन चालत राहिलं. तिचं वाक्य मी लिहिलं, चांगल्या इंग्रजीत, व्याकरणाला धरून.

पाठीवर झोपून तिला सही जमेना. पद्माकरांनी फाइल वर धरली, तिने केली. साक्षीदार म्हणून त्यांनी खाली सही केली — एसटीच्या रोजच्या हिशेबावर आयुष्यभर केली असेल तशी, एका झटक्यात. आणि माझे आभार मानले. माझे!

घरी येऊन जेवलो नाही. कावेरीला पोट बिघडलंय सांगितलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आज गाळायला काही ठेवलं नाही. मज्जारज्जू तुटलेला आहे. कमरेखाली परत येणार नाही. व्हीलचेअरची तयारी करा.

मराठीत सांगायचं काम माझं. सांगितलं. बाईंना आधी कळलंच नाही, ‘म्हंजे किती म्हैने?’ म्हणून विचारत राहिल्या. पद्माकरांना कळलं. ते उभे होते ते हळूच खाली बसले. फरशीवरच. बाक रिकामा असताना.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कावेरीला सांगितलं. सगळं, त्या फोनपासून त्या सहीपर्यंत.

भाजी निवडत होती, हात थांबला नाही. मला वाटलं, समजून घेईल. आमची कावेरी कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही.

‘मग रोज माझा डबा घेऊन कुठल्या तोंडानं जात होता तिथं?’

मी म्हणालो, ‘नोकरी जाईल. परवाना जाईल. या वयात कोण घेणार मला?’

‘जाईल ना. पाय तर नाही ना जाणार?’

आत गेली. मला राग आला — आधी तिचा, मग तिचं खरं होतं याचा. सतरा वर्षांच्या संसारात हिने मला असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. चांगलं केलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

येलहंकात एअर शो सुरू झाला. डोक्यावर लढाऊ विमानं गडगडतायत, त्यांच्यासाठी आमची विमानं तासन्‌तास अडवलेली. कंट्रोल रूममध्ये नुसती धावपळ. म्हणून मलाही शिफ्टला बोलावून घेतलं.

अकराच्या सुमाराला शेजारच्या टेबलावर नंदूला श्रीनगरहून फोन आला. नंदू आमच्यातला सर्वांत धाकटा, नागपूरचा, हुशार. मला फक्त त्याचीच बाजू ऐकू येत होती. ‘ओके सर... अच्छा... कितनी देर?’ मग खुर्चीत जरा पुढे झुकला, आवाज खाली आणला, आणि म्हणाला —

‘सर, कन्फर्म?’

अगदी माझ्यासारखा. तोच सूर! मी काही शिकवलं नव्हतं त्याला. शेजारी बसून शिकला.

मी उठलो आणि त्याच्या टेबलावर हात आपटला. ‘पहिल्यांदा काय म्हणाले ते लिही!’ ओरडलोच. सगळी खोली वळून बघायला लागली. नंदूचा चेहरा पांढरा. ‘सर, ते मॉडरेट म्हणतायत.’

‘पहिल्यांदा! पहिल्यांदा काय म्हणाले?’

त्याने मान खाली घातली. मागून दुसरं विमान येत होतं, एकशे ऐंशी माणसं. नंदूच्या हातातून कीबोर्ड ओढून घेतला आणि सिव्हिअर मी टाइप केलं. माझ्या नावाने. मागचं विमान अमृतसरला वळवलं. श्रीनगरचं तिथंच अडकलं. दिवसाचं वेळापत्रक पार कोलमडलं. वादिराज काचेच्या केबिनमधून बघत होते. बाहेर आले नाहीत.

वीस जानेवारीला एवढंच करायचं होतं. एवढंच!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी चार पानं लिहिली. फोन किती वाजता आला, कॅप्टन काय म्हणाले, मी काय विचारलं, मग ते काय म्हणाले. रीतही लिहिली — आम्ही सगळे असंच करतो, कोण कधीपासून, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं. पाच तारखेचा जबाब शाल्मलीने अपुऱ्या माहितीवर दिला आणि अपुरी माहिती देणारा मीच होतो, तेही लिहिलं. टेप जपून ठेवावी अशी मागणी केली.

अभिजीतना फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

कावेरीने वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, ‘इथं “नकळत” लिहिलंय तुम्ही. ते काढा.’ काढलं. दुपारी तीनला सरकारी तपास कार्यालयाला आणि आमच्या समितीला, दोन्हीकडे ई-मेलने पाठवलं. पोचल्याचं उत्तरही आलं.

उद्या आधी वादिराज. मग हॉस्पिटल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वादिराजसमोर प्रत ठेवली. त्यांनी पहिलं पानही उलटलं नाही. ‘ती टेप मी त्याच दिवशी दुपारी ऐकली, गुंडो. तुला हॉस्पिटलात का पाठवलं असं वाटलं तुला? रोज त्या पोरीचं तोंड बघणारा माणूस कधीच बोलणार नाही, असा माझा अंदाज होता.’ मग शांतपणे म्हणाले, ‘हे खिशात ठेव.’

‘काल तीनलाच गेलंय, सार,’ म्हटलं आणि निघालो.

पद्माकर बाकावर होते. सगळं सांगितलं, फोनच्या पहिल्या शब्दापासून. ते ओरडले नाहीत. अंगावर आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं. एकच विचारलं.

‘आमच्या सह्या घेतल्या त्या दिशी तुमाला हे ठावं हुतं?’

हो म्हणालो.